ऑइल कमी होत नाही, पण पेडल खाली जातंय

जुनी गाडी असलेल्या घरात एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: "एक पंप मार, मग लागतो ब्रेक." सांगणाऱ्याला आपण बिघाड सांगतोय असं वाटतही नाही. थंडीत चोक ओढायचा, मागचं दार जरा उचलून लावायचं, तसाच हा एक पंप. वीस-पंचवीस वर्षं एकाच माणसाने गाडी चालवली की गाडीच्या सगळ्या खोडी त्याच्या हातापायांत मुरतात. मग ती गाडी मुलांकडे येते आणि मुलांच्या पायांना त्या खोडी माहीतच नसतात.

माझ्या मामांकडे टिळकवाडीत १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची ही गाडी. सांगलीच्या वालचंद कॉलेजात शिकलेल्यांनी हे नाव ओळखलं असेलच. १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून बनणारी गाडी १९७४ पासून पद्मिनी झाली. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये थांबली, तेव्हा मामांनी पेपरातला फोटो कापून ठेवला होता. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर आणि मामांच्या गाडीत चारही चाकांना ड्रम ब्रेक. मास्टर सिलिंडर एक, त्यातला पिस्टन एक, आणि त्यातून निघालेली एकच लाइन चारही चाकांकडे जाते. आजकालच्या गाड्यांत ब्रेकचे दोन भाग केलेले असतात, एक गेला तरी दुसऱ्यावर गाडी थांबते. इथे ती सोय नाही. कुठेही एक भोक पडलं की चारही चाकं एकदम मोकळी. उरतो फक्त हँडब्रेक, कारण त्याची केबल स्वतंत्र असते.

माझ्या मामेबहिणीला गेल्या वर्षी लायसन्स मिळालं. कपिलेश्वर उड्डाणपुलाच्या चढावर गर्दीत गाडी थांबली होती आणि तिने शिकवल्याप्रमाणे ब्रेकवर हलका पाय ठेवला होता. पेडल हळूहळू खाली गेलं आणि गाडी मागे सरकली. तिने हँडब्रेक ओढला, मागच्या रिक्षावाल्याने चार शब्द ऐकवले, तेवढ्यावर निभावलं. घरी आल्यावर तिने सांगितलं, तर मामा म्हणाले, "अगं, तुझा पाय हलका आहे. जोरात दाब, नाहीतर एक पंप मार." गॅरेजमधल्या मेस्त्रींनी पेडल दोनदा जोरात दाबून पाहिलं. दगडासारखं घट्ट. ऑइलची डबी उघडून पाहिली, ती भरलेली. "काही नाही, ठीक आहे," म्हणाले. तिने मला फोन केला, "दादा, सगळे म्हणतात ठीक आहे. पण ते खाली गेलं, मी पाहिलं."

तिचं बरोबर होतं. गंमत म्हणजे मेस्त्रींनी जे पाहिलं तेही बरोबर होतं. या बिघाडाची हीच खोच आहे.

पेडल "बिघडलंय" असं आपण म्हणतो त्याचे प्रकार वेगवेगळे असतात आणि ते पायाला वेगवेगळे कळतात. लाइनमध्ये हवा असेल तर पेडल स्पंजासारखं लागतं, दाबाल तेवढं दबतं, पण एका जागी येऊन थांबतं. ड्रममधल्या लायनरचं अंतर वाढलं असेल तर पेडल बरंच खाली जाऊन मग घट्ट लागतं, आणि लागल्यावर तिथेच राहतं. चार ड्रमच्या गाडीत खाली लागणाऱ्या पेडलचं सगळ्यात साधं कारण हेच असतं, म्हणून आधी चारही चाकांचं अ‍ॅडजस्टमेंट करून घ्यावं. जुने रबरी होज फुगत असतील तरीही पेडल मऊ लागतं, पण होज फुगून फुगून किती फुगणार, तेही थांबतं. बसणाऱ्या पेडलची गोष्ट निराळी. ते आधी व्यवस्थित लागतं, आणि मग पाय तसाच ठेवला तर गाळात रुतल्यासारखं हळूहळू खाली जात राहतं. थांबत नाही. इथे एक लक्षात ठेवायचं: "पंप मारला की वर येतं" हे हवा असली तरी खरं असतं, अंतर वाढलं असलं तरी खरं असतं आणि मास्टर सिलिंडर गेला असला तरी खरं असतं. त्यामुळे पंपावरून निदान होत नाही, नुसतं समाधान होतं.

आता थोडा हिशेब करू. ब्रेक ऑइल दाबल्याने जवळजवळ आकसत नाही, त्याच्याच भरवशावर हे सगळं चालतं. मग पेडल खाली गेलं याचा अर्थ मास्टर सिलिंडरमधला पिस्टन पुढे गेला, आणि तो पुढे गेला याचा अर्थ त्याच्या पुढचं ऑइल दुसरीकडे कुठेतरी गेलं. किती? समजा सिलिंडरचं भोक पाऊण इंच, म्हणजे १९ मिलिमीटर आहे, आणि पेडलची लिव्हर एकास पाच आहे. पेडल ५ सेंटिमीटर बसलं तर पिस्टन १ सेंटिमीटर सरकला. भोकाचं क्षेत्रफळ सुमारे २८५ चौरस मिलिमीटर, त्यामुळे हललेलं ऑइल जेमतेम ३ सीसी. चहाच्या अर्ध्या चमच्याहून थोडं जास्त. या ३ सीसीचा पत्ता लागला की निदान झालं.

ते दोनच ठिकाणी जाऊ शकतं. एक, बाहेर: चाकाच्या सिलिंडरमधून, फुटलेल्या होजमधून, गंजलेल्या पाइपातून, सैल जोडातून किंवा मास्टर सिलिंडरच्या मागच्या तोंडातून. दोन, मागे: पिस्टनवरच्या रबराला चुकवून परत डबीत. पहिल्या प्रकारात डबीतली पातळी उतरते आणि कधी ना कधी कुणाच्या तरी लक्षात येतं. दुसऱ्या प्रकारात ऑइल घरच्या घरातच फिरतं. डबी भरलेली, जमीन कोरडी, आणि ब्रेक मात्र सुटतोय. मामेबहिणीने फोनवर "डबी भरलेली आहे" म्हटलं तेव्हा माझा संशय तिथेच गेला होता. पण संशयावरून सुटे भाग मागवायचे नसतात.

मास्टर सिलिंडरच्या आत काय असतं ते एकदा डोळ्यांसमोर आणा. एक गुळगुळीत नळी. तिच्यात पिस्टन, पिस्टनच्या तोंडाशी वाटीच्या आकाराचा रबरी कप, वाटीचं तोंड पुढे. नळीच्या वरच्या बाजूला डबीतून येणारं एक अगदी बारीक भोक. पेडल मोकळं असतं तेव्हा ते भोक उघडं असतं. गरम होऊन फुगलेलं ऑइल त्यातून डबीत जातं, कमी पडलेलं खाली येतं. पाय ठेवला की कप सरकून त्या भोकाच्या पुढे जातो, वाट बंद होते आणि दाब तयार व्हायला लागतो. पिस्टनच्या मागच्या टोकाला आणखी एक रबर असतं, ते ऑइल बाहेर येऊ देत नाही.

वाटीचा आकार मुद्दाम दिलेला असतो. दाब वाढला की वाटीची कड बाहेर फाकते आणि नळीच्या भिंतीला घट्ट बसते. जितका दाब जास्त तितकी पकड घट्ट. याची दुसरी बाजू अशी की दाब कमी असताना कड फक्त रबराच्या स्वतःच्या ताणावर भिंतीला टेकलेली असते. रबर जून झालं असेल, कडेला चीर असेल किंवा भिंतीत गंजाचे खड्डे असतील, तर हलक्या दाबाला ऑइल तिथून मागे झिरपतं, आणि जोरात दाबलं तर कड फाकून तीच फट बुजते. मेस्त्री जोरात दाबतात, पेडल घट्ट लागतं. नव्याने शिकलेली मुलगी सिग्नलला हलका पाय ठेवते, पेडल बसतं. मामा प्रत्येक वेळी एक पंप मारतात. त्या पंपाने पिस्टन मागे जाऊन नव्याने पुढे येतो आणि झिरपण्याला वेळ मिळायच्या आत गाडी थांबलेली असते. तिघांनी एकच गाडी चालवली आणि तिघांना वेगळा ब्रेक मिळाला. आमच्या ऑफिसात याला "माझ्या मशीनवर तर चालतंय" म्हणतात. असा बग बंद केला की तो नेमका ग्राहकाकडे उघडतो.

म्हणून पहिली परीक्षा हलक्या पायाची. गाडी सपाट जागी, चाकांना पुढे-मागे दगड, इंजिन बंद. सिग्नलला ठेवतो तितकाच पाय पेडलवर ठेवायचा आणि घड्याळात पूर्ण एक मिनिट पाहायचं. मिनिट फार मोठं असतं, पंधरा सेकंदांतच पाय काढावासा वाटतो, काढू नका. मग तेच जोर लावून करायचं. हलक्या पायाला बसतं आणि जोराला बसत नाही, असं झालं तर मास्टर सिलिंडरच्या रबराकडे बोट जातं. दोन्हीकडे बसत असेल तर आधी बाहेरची गळती शोधा. ज्या गाड्यांना व्हॅक्यूम बूस्टर असतो त्यांत पाय ठेवून इंजिन चालू केलं की पेडल थोडं खाली जातं आणि थांबतं. तो बिघाड नाही, बूस्टर काम करतोय. मामांच्या पद्मिनीला बूस्टर नाही, त्यामुळे तो प्रश्नच नव्हता. आमच्याकडे हलक्या पायाला पेडल चाळीसएक सेकंदांत तळाला गेलं. मामा शेजारी उभे राहून बघत होते. "पंप मार की," म्हणाले. मी म्हटलं, "मामा, आज पंप नाही."

दुसरी परीक्षा डबीची. बाहेरून पातळीवर चिकटपट्टीची खूण केली आणि पेडल वीस वेळा सावकाश तळापर्यंत बसू दिलं. मघाचा हिशेब आठवा: दर वेळी ३ सीसी बाहेर जात असेल तर वीस वेळांत ६० सीसी जायला हवं. एवढं कमी झालेलं डोळ्याला दिसतंच. पातळी खुणेवरून हलली नाही. तरीही चारही ड्रम काढले, चाकांच्या सिलिंडरच्या रबरी टोप्या उचलून आत पाहिलं, पाइप बोट फिरवून तपासले, पेडलखालची चटई उचलून पाहिली. सगळं कोरडं. मागच्या एका बॅक प्लेटवर ओलसर डाग होता आणि मामेबहिणीला वाटलं सापडलं. अशा वेळी डागावर थोडं पाणी टाकून पाहावं. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं आणि धुऊन जातं. डाग गेला नाही, चिकटच राहिला आणि त्याला गिअर ऑइलचा तो कुबट गंधकासारखा वास होता. ते मागच्या अ‍ॅक्सलचं सील, वेगळं काम. पण ते लायनरवर आलं तर ब्रेक लागणार नाही, म्हणून यादीत लिहून ठेवलं.

तिसरी परीक्षा बघायला मजेशीर आहे. डबीचं झाकण काढून एकाने वरून टॉर्च धरायचा आणि दुसऱ्याने पेडल सावकाश दाबायचं. सुरुवातीला ऑइलची एक छोटी उसळी वर येते. ती यायलाच हवी. कप त्या बारीक भोकाच्या पुढे जाण्याआधी तेवढं ऑइल मागे ढकललं जातं. त्यानंतर डबी शांत व्हायला पाहिजे. पेडल बसत असताना डबीत हलकी वळवळ चालूच राहिली तर ऑइल मागे येतंय. चेहरा डबीच्या अगदी वर नेऊ नका, उसळी डोळ्यात जाऊ शकते. आणि बॉनेटवर फडकं टाका, हे ऑइल रंग उचकटतं. आमच्याकडे वळवळ दिसली, पण अगदी बारीक. मामेबहिणीला दिसली, मामांना दिसली नाही, मला दिसल्यासारखी वाटली. त्यामुळे चौथी परीक्षा करावीच लागली.

ती माझ्या आवडीची, कारण ती आम्ही रोजच करतो. मोठ्या प्रोग्रॅममध्ये चूक कुठे आहे ते कळत नसेल तर प्रोग्रॅम मधोमध तोडायचा आणि चूक कुठल्या अर्ध्यात राहते ते बघायचं. पद्मिनीत ब्रेकच्या लाइनवर तीन रबरी होज असतात: पुढच्या दोन चाकांना एकेक, आणि मागचा अ‍ॅक्सल अखंड असल्यामुळे मागे दोन्हींत मिळून एक. तिन्ही होज त्यासाठी मिळणाऱ्या गोल दांड्यांच्या क्लॅम्पने दाबून बंद केले की चारही चाकं हिशेबातून बाहेर जातात. तरीही पेडल बसतंय? मग दोष होजच्या अलीकडे आहे. थांबलं? मग एकेक क्लॅम्प सोडत जायचं. ज्याच्या सुटण्याने पेडल बसायला लागेल, तिकडे बघायचं. व्हाइस ग्रिपच्या दातेरी जबड्यात होज धरू नये, आणि जे होज पुढे वापरायचे आहेत त्या जुन्या, तडकलेल्या होजना क्लॅम्पही लावू नये, आतून फाटतात. मामांचे होज बदलायचेच होते म्हणून बिनधास्त दाबले. होज चांगले असतील आणि हात लावायचा नसेल तर मास्टर सिलिंडरच्या तोंडाची पाइप काढून तिथे त्याच आट्यांचा, तळाशी नीट बसणारा बंद बोल्ट लावता येतो. मग पेडल वरच घट्ट लागलं पाहिजे आणि मिनिटभर हललं नाही पाहिजे.

तिन्ही होज बंद केल्यावरही पेडल पहिल्यासारखंच बसलं. धातूचे पाइप कोरडे, पातळी जागच्या जागी. सिलिंडर काढला.

आतलं सर्क्लिप काढून पिस्टन बाहेर घेतला, नळी धुतली आणि टॉर्च मारला. तळाच्या बाजूला खड्ड्यांची एक तपकिरी रेघ होती, नखाला स्पष्ट लागणारी. आणि कपच्या कडेला, बरोबर त्या रेघेसमोर, एक बारीक कापलेली जागा. कप जुना नव्हता. दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये रबर किट बदलल्याचं बिल मामांच्या फायलीत आहे. किट चांगलं होतं, बसवलंही नीट होतं. पण खड्डे पडलेल्या नळीत नवं रबर घातलं की काही महिन्यांत त्याचंही तेच होतं. मला विचाराल तर किट बदलण्याआधी नळीत टॉर्च न मारणारा मेस्त्री बदलावा.

खड्डे का पडले हे समजायला ब्रेक ऑइलचा स्वभाव माहीत हवा. ते हवेतली वाफ शोषून घेतं. पाणी बिडाच्या नळीला गंजवतं. लॉकडाऊनमध्ये मामांची गाडी वर्षभर शेडमध्ये उभी होती, आणि बेळगावचा पावसाळा तुम्हाला माहीत आहेच. शिवाय रोजच्या चालवण्यात पिस्टन नळीच्या थोड्याच भागात मागे-पुढे होतो. त्याच्या पुढचा भाग वर्षानुवर्षं कुणी न पुसलेल्या माळ्यासारखा गंजत राहतो. मग एके दिवशी हवा काढायला कुणीतरी पेडल तळापर्यंत दाबतं, कप त्या गंजावरून घासत जातो आणि कड फाटते. "सर्व्हिसिंगला दिली तोवर ब्रेक ठीक होता" या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं. जुन्या सिलिंडरवर हवा काढताना पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा, म्हणजे पेडल तळाला जातच नाही.

पुढे तीन वाटा होत्या. नळी होन करून खड्डे घासून काढायचे. पण खड्डे खोल असतील तर तेवढं घासल्यावर भोक मोठं होतं आणि कप सैल पडतो. नवा सिलिंडर घ्यायचा; पद्मिनीचे मिळतात, पण वर्षानुवर्षं दुकानात पडून असलेला "नवा" घेतला तर त्याचीही रबरं जून झालेली असतात, ती बदलूनच बसवावा. किंवा नळीत स्टेनलेसची स्लीव्ह मारायची. आपण उद्यमबागेच्या गावात राहतो, जिथे हायड्रॉलिकचे सिलिंडर आणि व्हॉल्व बनतात, तेव्हा हे इथे होणार नाही तर कुठे होणार, असं मला वाटत होतं. पहिल्या दोन वर्कशॉपनी ब्रेकचं काम म्हटल्यावर नाही म्हटलं, आणि त्यांच्याबद्दल माझा आदर वाढला. तिसऱ्याने सिलिंडर हातात घेऊन बराच वेळ त्या बारीक भोकाकडे पाहिलं आणि विचारलं, "हे भोक स्लीव्हमध्ये परत पाडल्यावर आतून त्याची धार कोण मारणार?" मी म्हटलं, हा प्रश्न ज्याला पडतो त्यानेच. भोकाची आतली कड धारदार राहिली तर प्रत्येक दाबाला कप तिच्यावरून जातो आणि कापला जातो. त्याने ते भिंगाखाली गुळगुळीत करून दिलं. स्वस्तात नाही झालं, पण सिलिंडर गाडीचा मूळचाच राहिला. चांगला नवा सहज मिळत असेल तर मात्र मी नवाच घेईन.

बसवताना रबरांना फक्त ताजं ब्रेक ऑइल लावलं. इंजिन ऑइल, ग्रीस, रॉकेल, डिझेल यांचा हातही लागू द्यायचा नाही. या रबरांना ते फुगवतात आणि मग अख्ख्या लाइनची रबरं बदलावी लागतात. पुशरॉड आणि पिस्टन यांच्यामध्ये साधारण एक मिलिमीटर मोकळीक ठेवली. ती नसेल तर कप पूर्ण मागे येत नाही, ते बारीक भोक झाकलेलंच राहतं आणि ब्रेक चिकटून गरम होतात. मग नवे होज, आणि सगळ्यात लांबच्या चाकापासून, म्हणजे मागच्या डाव्यापासून, हवा काढत पुढे आलो.

ऑइल डॉट ३ घातलं. कोरडं असताना ते निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलेल्या ऑइलसाठी मात्र ठरलेली किमान मर्यादा १४० अंश आहे. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. दोन्ही एकाच जातीची, चालतात. डॉट ५ मात्र सिलिकोनचं असतं आणि ते यात मिसळायचं नाही, तर डॉट ५.१ पुन्हा पहिल्या जातीचं. ही नावं ठेवणाऱ्याला आमच्या धंद्यात कुणी व्हर्जन नंबर द्यायला बसवणार नाही.

हे आकडे आपल्या लोकांना जास्त लागू आहेत, कारण आपण बसतो आणि थेट गोव्याला निघतो. जांबोटी, कणकुंबी, मग चोर्ला घाटातून साखळीकडे उतरताना लांबच लांब हलका ब्रेक लागतो. या बिघाडाला नेमका तोच हवा असतो. वर ड्रम तापतात, पाणी प्यायलेलं ऑइल चाकाच्या सिलिंडरमध्ये उकळतं, आणि वाफ ऑइलसारखी नसते, ती दबते. त्या वेळी पेडल हळूहळू बसत नाही, एकदम जातं. घाट उतरताना दुसरा गिअर टाका, इंजिनला काम करू द्या. आणि हलक्या पायाच्या परीक्षेत गाडी नापास झाली असेल तर घाट सोडाच, गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नका. टो करा किंवा मेस्त्रींना घरी बोलवा. मामांच्या वयाच्या मंडळींना हे पटवणं हे या सगळ्यातलं सगळ्यात अवघड काम आहे. "इतकी वर्षं चालवतोय" याला उत्तर नाही. मामेबहिणीने वाद घातलाच नाही. "बाबा, पाय ठेवा आणि माझ्या मोबाइलवर एक मिनिट बघा," एवढंच म्हणाली. दुरुस्तीआधी ते पेडल मामांच्याच पायाखाली तळाला गेलं. त्यानंतर सिलिंडर काढायला पाने मामांनीच आणून दिले.

आता पेडल हलक्या पायाला मिनिटभर केसभरही हलत नाही. मामेबहीण गाडी घेऊन म्हापशाच्या मावशीकडे जाऊन आली, चोर्ल्यातूनच. मामांचा पंप चालूच आहे, सवय आहे ती. डबीवर चिकटपट्टी लावून ऑइल बदलल्याची तारीख लिहिली आहे आणि दोन वर्षांनंतरची तारीखही. मागच्या अ‍ॅक्सलचं ते गळणारं सील अजून व्हायचंय, त्याबद्दल पुढच्या महिन्यात. तोवर ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांनी चाकांना दगड लावून ते एक मिनिट मोजून बघा, आणि पेडल किती सेकंदांत बसलं ते मला कळवा.